वंशवृक्षातली रिकामी चौकट



पाचवीच्या वर्गात 'इतिहास म्हणजे काय?' शिकवताना मी मुलांना घरचा वंशवृक्ष काढून आणायला सांगते. बहुतेक मुलं आजोबांपर्यंत पोहोचतात, काही पणजोबांपर्यंत. पुढं काय? हा प्रश्न तुमच्या वर्गातही येतो ना? मुलांना सांगण्याआधी आपण स्वतः करून बघावं, म्हणून मी माझ्या खापरपणजोबांचा शोध घेतला.

सुरुवात आपल्याच कपाटातून होते. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर! आजोबांची जन्मतारीख तिथं १ जून १९३८. (आपल्या गुरुजींनी अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्माला घातलाय, हे आपल्याला माहीतच आहे. तारीख सोडा, वडिलांचं नाव आणि गाव बघा.) जात पडताळणीसाठी १९५० पूर्वीचा पुरावा शोधत पालक याच रजिस्टरसाठी आपल्याकडे येतात. ज्यांच्या घरात तेव्हा कुणी शाळेतच गेलं नाही, त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी तहसीलचं अभिलेख कक्ष. एक लक्षात ठेवा, नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधी धुळे, त्याआधी पश्चिम खानदेश, आणि १९०६ पूर्वी नुसतं खानदेश. अर्जात जुनं नाव लिहिलं तर कागद लवकर सापडतो.

मला हवा होता गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते. जन्म-मृत्यूच्या नोंदी, सगळ्या मोडीत. मोडी जाणणारे एक निवृत्त गुरुजी सोबत आले म्हणून निभावलं.

आजी नेहमी म्हणायची, "छप्पन्याना दुकायमा घर बसनं." छप्पन्या म्हणजे विक्रम संवत १९५६. त्यातून ५७ वजा केले की १८९९. (मुलांना हे गणित जरूर द्या, फार आवडतं.) १८९९-१९०० च्या त्या दुष्काळात अन्न नव्हतं, आणि मागोमाग पटकी आली. म्हणून आम्ही १९०० ची पानं आधी उघडली. खापरपणजोबा सापडले. कारण : पटकी. गुरुजींचं बोट खाली सरकत होतं, ते थांबलं. तेरा दिवसांनी पुढची नोंद होती. खापरपणजोबांचं नाव, आणि त्यापुढं 'याची बायको'. कारण तेच. नाव नाही.

पणजोबा तेव्हा दोन-तीन वर्षांचे असणार. मग त्यांना वाढवलं कुणी? याचं उत्तर दुसऱ्याच गावच्या फेरफारात मिळालं. मामानं भाच्याच्या नावे दोन एकर जमीन करून दिली होती. आमचं शेत मूळ गावात का नाही, हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. ते आईकडून आलेलं निघालं! जमीन तिच्या माहेरची, पोर तिचं, भाऊ तिचा, आणि कागदावर सगळ्यांची नावं आहेत, तिचंच नाही.

नाशिकला तीर्थोपाध्यांच्या वहीतही पाहिलं. अस्थी घेऊन आलेल्या पुरुषांची नावं गावानुसार लिहिलेली आहेत, मामाचं नावही आहे. तिचं तिथंही नाही. उपाध्ये म्हणाले, "ताई, तुमची पिढी लिहायची का?" मी आईचं, आजीचं आणि माझ्या लेकीचं नाव सांगितलं. त्यांनी निमूट लिहून घेतलं.

आता वर्गात वंशवृक्ष देताना मी प्रत्येक जोडीला दोन चौकटी आखून देते. गेल्या आठवड्यात एका मुलाचा कोरा कागद आला. त्याच्या वडिलांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, माझ्या आजीचं नाव आत्याला ठाऊक आहे, ती अक्कलकुव्याला असते. रविवारी विचारून येतो." आत्याबाई ऐंशीच्या पुढं आहेत. तुमच्या गावातल्या अशा आत्यांकडे मुलांना याच महिन्यात पाठवा. तहसीलचा अर्ज दिवाळीनंतर केला तरी चालेल.