हलकं इंजिन घाट चढत नाही

दोस्तांनो, पुणे-मुंबई प्रवास तुम्ही रेल्वेनं बऱ्याचदा केला असेल. खंडाळ्याचे बोगदे मोजले असतील, पावसाळ्यात खिडकीतून हात बाहेर काढला म्हणून बोलणीही खाल्ली असतील. पण मुंबईहून परत येताना गाडी कर्जतला थांबते, तेव्हा तुम्ही काय करता? वडा खाता. सगळा डबाच वडा खात असतो! आणि नेमकी त्याच वेळी गाडीच्या शेपटाकडे एक मोठी गंमत चाललेली असते. थोड्या वेळानं मागून एक हलकासा धक्का बसतो, चटणी सांडते, तेवढंच काय ते आपल्याला कळतं.

तो धक्का इंजिनांचा. बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून दोन-तीन जादा इंजिनं लागतात. रेल्वेची माणसं त्यांना 'बँकर' म्हणतात. पुढे चांगलं दणकट इंजिन असताना ही कशाला? 'ताकद कमी पडते म्हणून,' असं तुम्ही म्हणाल. अर्धं बरोबर. उरलेल्या अर्ध्यासाठी आधी जरा चिखलात उतरू या.

जुलै महिना. मुळशीच्या बाजूला भाजी आणायला निघालेली रिकामी पिकअप गाडी चिखलात रुतली आहे. ड्रायव्हरकाका ॲक्सिलरेटर दाबतात, इंजिन ओरडतं, पण मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरतात आणि चिखल उडतो. जितका जोर जास्त, तितकी चाकं खोल. मग चार-पाच जण मागे हौद्यात चढून बरोबर चाकांवर उभे राहतात, आणि गाडी निघते! ओझं वाढलं तरी निघते, हे उलटंच नाही का?

उलटं नाही. इंजिन फक्त चाक फिरवतं. गाडी पुढे जाते ती चाक जमिनीला धरून ठेवतं म्हणून. ही पकड किती, ते त्या चाकावर किती भार दाबतो आहे यावर ठरतं. अशा पिकअपमध्ये इंजिन पुढे, पण ते फिरवतं मागची चाकं. हौदा रिकामा असला की मागे भारच नाही. सायकलवर स्वतः करून बघा. ओल्या मातीच्या चढावर उभं राहून, पुढे झुकून पायडल मारलं की मागचं चाक घसरतं. सीटवर बसलं की पकडतं. (नवे कपडे घालून हा प्रयोग करू नये.)

तुमचे कुणी काका-मावशी अमेरिकेत किंवा कॅनडात असतील तर हीच गोष्ट त्यांना हिवाळ्यात दिसत असेल. तिकडे रस्त्यावरचा बर्फ ढकलायला पिकअपच्या तोंडाला जड पोलादी पातं लावतात. पातं पुढे लोंबतं, त्यामुळे सी-सॉसारखा मागचा भार हलका होतो. म्हणून लोक मागच्या आसाच्या आसपास वाळूची पोती ठेवतात. ती घट्ट बांधावी लागतात, नाहीतर ब्रेक मारताच पोती पुढे धावतात. आणि गाडी फारच अडकली, तर त्यातलीच मूठभर वाळू चाकाखाली टाकता येते.

आता चला परत कर्जतला. रेल्वेचं चाक पोलादी, रूळही पोलादी. गुळगुळीत! म्हणून तर सपाटीवर एवढी लांब गाडी थोड्या जोरात पळते. पण बोरघाटात हाच गुळगुळीतपणा नडतो. इथला सर्वात कडक चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर गेलं की १ मीटर वर. त्यात पावसात रूळ ओले. १८५८ साली पुणे ते खंडाळा रेल्वे सुरू झाली, तरी मधला घाट माणसं पालखीतून नाहीतर बैलगाडीतून उतरत होती. हजारो मजूर कडे फोडत होते, तेव्हा कुठे १४ मे १८६३ ला घाटातून गाडी गेली.

इंजिन घसरू नये म्हणून त्याच्या अंगावर वाळूच्या पेट्या असतात. चालकानं कळ दाबली की नळीतून वाळू थेट चाकापुढे पडते. पण खरी पकड वजनाचीच. मालगाड्यांच्या 'डब्ल्यूएजी-९' या इंजिनाचं वजन सुमारे १२३ टन. त्यात मुद्दाम जास्तीचं वजन भरून १३५ टनांचं 'डब्ल्यूएजी-९एच' तयार केलं. 'एच' म्हणजे हेवी! तेवढ्यानं त्याची ओढ वाढली.

मग आणखी दोनशे टन का भरू नयेत? भागाकार करा. इंजिनाला सहा आस, म्हणजे चाकांच्या सहा जोड्या. १३५ भागिले ६, म्हणजे साडेबावीस टन एकेका जोडीवर. यापुढे रूळ आणि पूल काय म्हणतील? म्हणून वजन एकाच इंजिनात न भरता इंजिनंच वाढवायची. तीही सगळी पुढे लावली तर डबे जोडणाऱ्या कपलिंगवर भलताच ताण येईल. मागून ढकललं तर ताण वाटला जातो, आणि कपलिंग तुटलंच तर निसटलेले डबे मागे धावण्याऐवजी बँकरांवर टेकतात.

उतरताना मात्र हेच वजन शत्रू. म्हणून पुण्याहून जाताना मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी गाडी थांबते. 'इथे काय स्टेशन आहे?' म्हणून आपण कुरकुरतो. तिथे शेजारी चढावर जाणारा एक रूळ असतो, त्याला कॅच सायडिंग म्हणतात. सांधा आधी त्याच्याकडेच लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे, ती थांबली, हे दिसल्यावरच मुख्य रस्ता मिळतो. ब्रेक न लागलेली गाडी त्या चढावर जाऊन दमेल.

पुढच्या वेळी कर्जतला आई किंवा बाबांना घेऊन शेवटच्या डब्याकडे जा. फलाटाच्या कडेपासून लांब राहून चाकं मोजा. एका इंजिनाची बारा भरली पाहिजेत. लोणावळ्याला ही इंजिनं सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी घाट उतरून पुन्हा कर्जतला जातात.