दोन खळ्यांच्या मधलं दुखणं

खांदा धरलेल्या माणसाला "कुठं दुखतं?" विचारलं की तो दुसऱ्या हाताचा अख्खा पंजा खांद्यावर ठेवतो. त्या एका पंजाखाली ॲक्युपंक्चरचे तीन मेरिडियन, म्हणजे तीन रेषा, येतात. मागचा, स्मॉल इंटेस्टाइनचा, वेगळा काढायला फारसं डोकं लागत नाही. फऱ्यावर दाबलं की रुग्णच "आई गं" म्हणून सांगतो. भांडण पुढच्या दोघांचं. हात आडवा उचलून धरला की खांद्याच्या टोकाशी दोन खळ्या पडतात. पुढची एलआय १५, मागची टीडब्ल्यू १४. मधलं अंतर बोटभर. दुखणं नेमकं त्या बोटभरात बसलं असेल तर ते लार्ज इंटेस्टाइनच्या खात्यावर टाकायचं की ट्रिपल वॉर्मरच्या? त्यावर खाली हातात घालायची सुई ठरते, आणि माझा सगळा जीव त्या खालच्या सुईत.

रुग्णाच्या तोंडी उत्तरावर मी कधी विसंबले नाही. मनगटापासून कोपरापर्यंत अंगठा दाबत न्यायचा, आधी अंगठ्याच्या बाजूने, मग दोन हाडांच्या मधल्या फटीतून. बिघडलेल्या मेरिडियनवर कुठंतरी भातात खडा लागावा तसं बारीक, टणक काहीतरी लागतं आणि रुग्ण हात मागे घेतो. "बाई नुसता हात फिरवून सांगतात," असं बाहेर बाकावर बसलेले लोक बोलायचे. दार उघडं असायचं, मला ऐकू यायचं. मी ते कधी लावून घेतलं नाही.

आता उजव्या अंगठ्याचं टोक बोथट झालंय. सुरुवातीला शर्टाची बटणं, मग नाणी, मग रुग्णाची कातडी. हाडांच्या डॉक्टरांनी मनगटावर टिचकी मारली आणि शीर इथं दाबली गेलीय म्हणाले. त्यांचं बोट होतं ती जागा पीसी ७. दुसऱ्यांच्या मनगटात तिथं मी आयुष्यभर सुया घातल्या. डावा अंगठा कामाला लावलाय, पण तो अजून शिकाऊ आहे.

माझ्याकडे शिकायला बसणारी मुलगी मात्र तयार झाली. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बाया खांदा घेऊन येतातच. त्या दिवशी एक अक्का आली. दिवसभर सूप मांडीवर, मान खाली, अंगठा-तर्जनी पानावर. म्हणून मी मनात एलआय धरून बसले होते. मुलगी दोन हाडांच्या मधून वर सरकली आणि मनगटापासून चार बोटांवर थांबली. अक्काने हात ओढून घेतला. "मॅडम, बघा ना." मी अंगठा ठेवला. कातडी लागली, बाकी काही नाही. "हं, आहे," मी म्हणाले. टीडब्ल्यू ६ ला सुई घालून हात उचलायला लावला, तो कानाजवळ गेला. पुढच्या आठवड्यात परत होता तिथंच. सूप मांडीवरून उतरल्याशिवाय तो खांदा सुटायचा नाही, हे तिलाही माहीत आहे.

हल्ली दुखेल तिथं टोचणारे फार झाले. शनिवार-रविवारच्या कोर्सातून सुया घेऊन निघतात. त्यांच्यापेक्षा मला पाठांतरवाले जास्त खटकतात, खांदा म्हटला की डोळे मिटून एसटी ३८! आणि आमच्या गावात ॲक्युपंक्चर म्हटलं की कोटणीसांचं नाव निघतं. कोटणीस सर्जन होते, १९४२ मध्ये चीनमध्येच वारले. सुई इकडे आणली ती त्यांच्याच, १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातल्या डॉ. बिजॉय बसूंनी, पुढे १९५८-५९ मध्ये चीनला परत जाऊन, शिकून, तीही कोलकात्याला.

मेरिडियन आहेत तरी का, असं शिकलेले रुग्ण विचारतात. २००७ चा जर्मन अभ्यास मीही वाचलाय. जुन्या कंबरदुखीचे ११६२ रुग्ण. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांनी ४७.६ टक्क्यांना उतार, भलत्या जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२, नेहमीच्या उपचारांनी २७.४. सुईचा मान राहिला, जागेचा गेला. वाचून मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग चीनमधली मावांगद्वेची थडगी आठवली. इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झालेल्या, १९७३ मध्ये उकरलेल्या थडग्यातल्या रेशमी पोथ्यांत अकरा वाहिन्या लिहिल्यात आणि टोचायच्या पॉइंटचं एकही नाव नाही. म्हणजे रेषा आधी, टिंबं मागून. जर्मनांनी टिंबं तपासली, असं मी स्वतःला समजावते. समजूत पक्की नाही, पण अंगठ्याखाली खडा लागत होता तोवर तिची गरजही पडली नव्हती.

मुलीचं म्हणणं साधं आहे: दुखणं दोन खळ्यांच्या मध्ये असेल तर दोन्ही मेरिडियनवर सुई घाला. मी म्हणते, मग बरं वाटलं ते कशाने, हे कसं कळणार?

"अक्काला ते कळून काय करायचंय, मॅडम?"

मला करायचंय. मी अजून एकच घालते. हल्ली ती कुठं घालायची हे मुलगी सांगते, आणि अक्कांना मी सांगते.