कॉलम कोरडा पडला तेव्हा

बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ लावावं लागत नाही, ते आपसूक येतं. आजी त्याच्या बिया वाटून आमच्या डोक्याला लावायची, उवांसाठी. डोळे गच्च मिटून बसायचं, थेंब आत गेला तर आग. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला विषय विचारला तेव्हा मी न अडखळता सांगितलं, सीताफळ. सर म्हणाले, "बियांत तेल फार, पानं घे."

श्रावणातली पानं सावलीत वाळवून मेथनॉलमध्ये भिजवली. शेवटी काकवीसारखा चिकट, काळपट हिरवा अर्क हाती राहिला. इतर कामांत वर्ष सरलं आणि कॉलम लावायला 2016चा मे उजाडला. शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, बीडमध्ये आम्ही टँकरच्या आवाजावर कान ठेवून असायचो. सॉल्व्हंट उडवून परत गोळा करायचं तर कंडेन्सरला वाहतं पाणी हवं. नळाला थेंब नव्हता. मग बादलीत कूलरचा पंप सोडला आणि तेच पाणी फिरवत राहिलो.

कॉलम म्हणजे काचेच्या नळीत तळाला कापसाचा बोळा, वर हेक्झेनमध्ये कालवलेली 60 ग्रॅम सिलिका. ती ओतताना रबरी नळीनं काचेवर टकटक करत राहायचं, नाहीतर हवा अडकते. वर दीड ग्रॅम अर्क सिलिकात मुरवून, सुकवून पसरला, त्यावर धुतलेली वाळू. नुसतं हेक्झेन सोडलं आणि हिरव्यातून पिवळाधमक पट्टा सुटून खाली निघाला. कॅरोटीन. त्याला सिलिकाची ओढ नाही, म्हणून तो पुढे पळतो. क्लोरोफिल रेंगाळतं, त्याला हलवायला इथाइल ॲसिटेट थेंबाथेंबानं वाढवावं लागतं. मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1903 साली वॉर्सात ही पद्धत मांडली. पुढे त्यानं पानातले रंग खडूच्या भुकटीतून असेच वेगळे केले. रशियनमध्ये त्स्वेत म्हणजे रंग. हे सरांनी सांगितलं तेव्हा मला ती थाप वाटली होती.

दुपारी अकरावी बाटली भरत होती. बाटल्या म्हणजे इंजेक्शनच्या रिकाम्या कुप्या, धुऊन घेतलेल्या. तेवढ्यात खाली टँकर वाजला. बादलीतलं पाणी हाताला चटका बसेल इतकं तापलेलं. मी दोन बादल्या घेऊन धावले. कॉलमची तोटी बंद करायची राहिली.

परत आले तर वरचं सॉल्व्हंट संपलेलं, सिलिका पांढरीफटक, आणि मधोमध आडवी भेग. अगदी आमच्या तळ्याच्या तळाला पडते तशी. वरून हेक्झेन ओतलं, ते भेगेतून सरळ खाली गेलं आणि पट्टे एकमेकांत मिसळले. सर आले, बघून म्हणाले, "पाणी मिळालं ना? मग उद्या परत लाव."

दुसऱ्या वेळी पहाटे पाचला सुरुवात केली, ऊन चढायच्या आत. प्रत्येक बाटलीतला थेंब सिलिका लावलेल्या पट्टीवर ठेवून, सॉल्व्हंट वर चढू देऊन, आयोडीनच्या बरणीत बघायचा. 31 ते 38 या बाटल्यांमध्ये एकच तपकिरी ठिपका, सरळ रेषेत. त्या एकत्र करून मेथनॉलमध्ये ठेवल्या, सकाळी तळाला पांढऱ्या सुया. 18 मिलिग्रॅम. लिबरमन-बुर्चार्ड परीक्षेत हिरवा रंग आला, वितळणबिंदूही जुळला. बीटा-सिटोस्टेरॉल. सर हसले. "कुठल्याही पाल्याचा कॉलम लाव, हे सापडतंच." मला मात्र त्या सुयांवरून नजर काढवत नव्हती.

सुट्टीत कुपी घेऊन गावी गेले. आईबाबा उसाच्या तोडीवरून परत आले होते. आईनं कुपी उजेडात धरून पाहिली, आजीकडे दिली.

"उवांचं औषध हेच का?"

"नाही आजी, ते बियांत असतं."

"मग बिया सोडून पाल्याच्या मागं कशाला लागलीस गं?"