बैलाचं नाव

उल्म, जर्मनी
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय आजीस,


लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फोनवर बोलता बोलता तू तोंड फिरवलंस आणि पदर डोळ्यांना लावलास. आईने फोन तसाच धरून ठेवला होता, त्यामुळे मला सगळं दिसलं. "सणासुदीला एकटीच पडली व पोरगी," असं तू तिला म्हणालीस, तेही ऐकू आलं. तिकडे नागपुरात, नंदनवनात, तेव्हा सात वाजले होते, आपल्या ओट्यावर पणत्या लागल्या होत्या. इथे दुपारचे साडेतीन, आणि मी ऑफिसच्या जिन्यात उभी. तुला धड उत्तर देता आलं नाही. ते आज देते. रविवारी इथे दुकानं बंद असतात, बाहेर धुकं आहे, हाताशी सबंध दिवस आहे. तुला चष्मा न शोधता वाचता यावं म्हणून एकेक ओळ सोडून मोठ्या अक्षरात लिहितेय.

दिवाळी माझी साधीच झाली, ते खरं. सुट्टी नव्हती. फटाके तर इथे फक्त ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीलाच उडवू देतात. रात्री खिडकीत दोन पणत्या लावल्या, पातळ पोह्यांचा चिवडा केला, शेजारच्यांना वाटीभर दिला. पण एका दिवाळीवरून माझं वर्ष मोजू नकोस. या वर्षी मी जितके उत्सव पाहिले तितके नागपुरात दहा वर्षांत पाहिले नसतील. इथे महिन्याला ठरावीक पैसे भरले की देशभर कुठल्याही साध्या रेल्वेगाडीत, ट्राममध्ये, शहरी बसमध्ये बसता येतं; लांब पल्ल्याच्या जलद गाड्या तेवढ्या चालत नाहीत. शनिवार उजाडला की मी पराठे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेते आणि निघते.

आधी गावाचं सांगते. उल्म डॅन्यूब नदीच्या काठावर आहे. आमच्या काठाला बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य, पूल ओलांडला की बव्हेरिया. आईन्स्टाईन १८७९ साली इथेच जन्मला. गावाच्या मधोमध चर्च आहे, त्याचं शिखर १६१.५३ मीटर. १८९० पासून जगातलं सर्वांत उंच चर्च हेच होतं. या ३० ऑक्टोबरला बार्सिलोनातल्या चर्चचं बांधकाम त्याच्याही वर गेलं. त्या आठवड्यात माझ्या घरमालकीणबाई रोज जिन्यात भेटल्या की हाच विषय. मला तुझी रामटेकची बहीण आठवली. तीही गडावरच्या रामाबद्दल घरातल्या थोरल्या माणसासारखंच बोलते ना?

इथला मोठा दिवस म्हणजे जुलैतला शेवटून दुसरा सोमवार. शपथेचा सोमवार म्हणतात त्याला. १३९७ साली या गावाने एक करार लिहिला, आणि त्यात ठरलं की गावच्या प्रमुखाने गरीब आणि श्रीमंत दोघांना सारखंच वागवायचं. आजही महापौर सकाळी अकरा वाजता सज्जात उभे राहतात, खाली भरलेल्या चौकाला वर्षभराचा हिशेब देतात आणि मग हात वर करून तीच शपथ पुन्हा घेतात. चर्चची घंटा वाजत राहते. मला त्यातलं निम्मं जर्मन कळलं, पण डोक्यावर ऊन घेऊन म्हातारी माणसं किती मनापासून ऐकत होती ते दिसत होतं. सव्वासहाशे वर्षांचा शब्द दर वर्षी मोठ्याने म्हणून घ्यायचा, ही रीत मला फार आवडली.

आणि दुपारी चारनंतर तेच लोक नदीत! रबरी होड्या, पिंपं बांधून केलेले तराफे, बादल्या, पिचकाऱ्या. प्रवाहाबरोबर खाली वाहत जायचं आणि दिसेल त्याला भिजवायचं. मधूनच मोठ्या सजवलेल्या होड्या येतात, त्यांवर पुढाऱ्यांचे पुतळे आणि वर्षभरातल्या चुकांवर टोमणे. मी काठावर उभी होते. एका पोराने बादलीभर पाणी अंगावर ओतलं. थंडगार! तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "अरे, हे तर बडगे!"

सोबत ऑफिसातला एक मित्र होता. त्याने विचारलं, बडगे म्हणजे काय? मग मी काठावर ओल्या कपड्यांत बसून त्याला मारबत सांगितली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीतून दोन बायांच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, काळी आणि पिवळी. काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, जागनाथ बुधवारीतल्या तऱ्हाणे तेली समाजाची. भोसल्यांच्या घराण्यातल्या बांकाबाईंनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, त्या रागातून काळी निघाली असं सांगतात. नेहरू पुतळ्यापाशी दोघी समोरासमोर येतात. रोगराई, इडापिडा घेऊन जा गे मारबत, असा पुकारा होतो, आणि मग त्यांना जाळतात. बडगे त्यांच्यासोबत असतात. महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा, त्या वर्षी ज्याने लोकांना छळलं त्याचा बडगा. मित्र कान देऊन ऐकत होता. मग त्याने साधंच विचारलं, "तू किती वेळा गेलीस?"

आजी, एकदाही नाही. जगनाडे चौकातून ऑटो केला तर इतवारी ती किती लांब? तू दर वर्षी म्हणायचीस, चल व, पाहून येऊ. मी म्हणायची, गर्दी असते, क्लास आहे, डोकं दुखतं. बारावीच्या वर्षी तर तू चपला घालून फाटकाशी उभी राहिलीस आणि मी गच्चीवर पुस्तक घेऊन बसले. तू शेवटी एकटीच गेलीस. त्या दिवशी सणाला एकटी पडलेली तू होतीस. हे मला इथे, डॅन्यूबच्या काठावर कळलं, आणि तेव्हापासून तुला सांगायचं होतं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते.

पोळा २२ ऑगस्टला झाला, शुक्रवारी. मी कणकेचे दोन बैल करून खिडकीत ठेवले, पुरण घातलं. चण्याची डाळ आणि गूळ इथल्या आशियाई दुकानात मिळतात. फोटो पाहून घरमालकीणबाई म्हणाल्या, तुला गुरांचा सण एवढा आवडतो तर ११ सप्टेंबरला आल्गॉयला जा. आल्गॉय म्हणजे आल्प्सच्या पायथ्याचा मुलूख. गुरुवार होता, रजा टाकली. उल्महून झोंटहोफेनपर्यंत रेल्वे, पुढे बसने बाड हिंडेलांग. चहूकडून डोंगर अंगावर आल्यासारखं गाव आहे.

तिथे असं करतात. उन्हाळ्यात आसपासचे शेतकरी आपली गुरं उंच डोंगरावरच्या कुरणांत गुराख्यांच्या स्वाधीन करतात. शंभर दिवस गुरं तिथेच, वर. सप्टेंबरात थंडी पडायच्या आत गुराखी त्यांना खाली गावात आणतात आणि मग एका मैदानात ज्याची त्याला वाटून देतात. त्या उत्सवाच्या नावाचाच अर्थ गुरांची वाटणी असा आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची दाटी होती, पोरं बापाच्या खांद्यावर. आधी काही दिसत नाही, नुसता आवाज येतो. आपल्या घुंगरमाळांसारखा नव्हे; हंड्याएवढ्या घंटा गुरांच्या गळ्यात बांधलेल्या असतात, आणि त्यांचा आवाज छातीत घुमतो. मग वळणावरून करड्या-तपकिरी रंगाची गुरं येतात, चिखलाने माखलेली, डोळ्यांत थोडी बावरलेली. त्यांच्या पुढे एकच गाय नटवलेली. तिच्या डोक्यावर फुलांचा आणि हिरव्या डहाळ्यांचा मोठा मुकुट, त्यात एक क्रूस आणि एक आरसा. आरसा कशाला, तर वाटेतल्या वाईट शक्तींनी आपलंच तोंड पाहून पळून जावं म्हणून. आजी, मला तिथे तुझी फार आठवण आली. शिंगांना रंग, कपाळावर बाशिंग, मठाट्या, अंगावर झूल, आणि आदल्या संध्याकाळी पळसाच्या पानाने हळद-तूप लावून खांदे शेकणं, हे सगळं तू मला कितीदा सांगितलं आहेस.

शेजारी एक म्हातारे शेतकरी उभे होते. हातात काठी, टोपीला पीस. मी हिय्या करून विचारलं, की एकाच गायीला मुकुट का, सगळ्यांना का नाही? ते सावकाश बोलले, मला कळावं म्हणून शब्द तोडून. त्यांनी सांगितलं, मुकुट दर वर्षी असतोच असं नाही. शंभर दिवसांत एकही जनावर दगावलं नाही, सगळी धडधाकट खाली आली, तरच पुढच्या गायीला मुकुट घालायचा. एखादं कड्यावरून पडलं, एखाद्यावर वीज कोसळली, तर त्या वर्षी कळप तसाच उतरतो. घंटा असतात, माणसंही जमतात, पण मुकुट नसतो. ते लहान असताना एका वर्षी त्यांचा कळप तसा उतरला होता. गेलेली कालवड कुणाची, तिचं नाव काय, हे सत्तर वर्षांनीही त्यांना आठवत होतं. त्यांनी मला ते नाव सांगितलं.

आणि तिथे, त्या गर्दीत, मला आपला स्वयंपाकघरातला पाट दिसला. मी बहुतेक आठवीत होते. तू पुरणपोळ्या लाटत होतीस आणि उमरेडकडच्या तुझ्या माहेरची गोष्ट सांगत होतीस. आषाढात बैलजोडीतला एक बैल पान लागून गेला. त्या पोळ्याला तुझ्या बाबांनी उरलेला बैल तोरणाखाली नेला, पण त्याला ना झूल घातली, ना बाशिंग बांधलं. सगळ्या गावच्या जोड्या नटून उभ्या, झडत्या म्हणणं सुरू, आणि तुझे बाबा सगळ्यांत शेवटी, एकट्या बैलाचा कासरा धरून. तू म्हणाली होतीस की कुणी काही बोललं नाही, फक्त सगळ्यांनी त्यांना वाट करून दिली. मी तेव्हा मोबाइलकडे पाहत "हं" म्हटलं होतं. पुढचं काही विचारलं नाही.

परक्या मुलखातल्या परक्या माणसाला मी पहिल्याच भेटीत विचारलं, तेवढं तुला पंचवीस वर्षांत विचारलं नाही. इथे मला काहीच माहीत नसतं, म्हणून मी प्रत्येकाला विचारत सुटते. घरी मला वाटायचं की हे सगळं आपलंच आहे, जाईल कुठे. ताण्हा पोळा घे ना. दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी लहान मुलांसाठी लाकडी बैलांचा पोळा सुरू केला असं सांगतात, ही गोष्ट मी शाळेच्या निबंधात लिहिली होती. पण आपल्या लेआउटमध्ये चाकाचा बैल ओढत मी घरोघरी बोजारा मागत फिरायची, तो बैल कोणी घडवला, कुठून आणला, हे मला ठाऊक नाही.

गेल्या मंगळवारी, ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनचा दिवस होता. बर्फात कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा अर्धा कापून देणारा घोडेस्वार, त्याची आठवण. अंधार पडला की लहान मुलं स्वतः केलेले कागदी कंदील काठीला अडकवून गाणी म्हणत गल्लीतून जातात. मी फाटकात उभी राहून पाहत होते. शेवटी खाऊ वाटला, आणि मुलांनी तो अर्धा-अर्धा मोडून खाल्ला. माझ्या मनात मात्र भुलाबाई चालू होती. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत तू मला हाताला धरून घरोघर न्यायचीस, गाणी संपली की खिरापत ओळखायची. तू डबा हलवून आवाजावरून सांगायचीस, "मुरमुरे न्हाय, फुटाणे हायेत!" आणि नेहमी बरोबर असायचीस. त्या गाण्यांतली चार मला अर्धवट आठवतात, बाकीची तुझ्याजवळ आहेत. आईला फोन धरायला सांग आणि मला ती म्हणून पाठव. घाई नाही, एका वेळी एक.

पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून पोळा सप्टेंबरात जातो. मी आताच साहेबांशी बोलून रजा ठरवली आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण उमरेडला जाऊ. तुझ्या गुडघ्यांचं मला माहीत आहे, गाडी करू. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी मारबतीला इतवारीत, जिथून नीट दिसतं तिथे तू मला घेऊन जा. चपला घालून फाटकाशी आधी मी उभी राहीन.

तोवर एक कर. उत्तर लिहायला बोटं दुखतात तुझी, म्हणून एकच ओळ लिहिलीस तरी चालेल. तो गेलेला बैल पांढरा होता की कबरा? आणि त्याचं नाव काय होतं?

तुझी,
नात