जिभेचा कारभार

नागपूर,
१० एप्रिल

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

अकोल्याला बदली झाल्याचं वहिनींनी कळवलं. लाडू आणि मनीलाही सोबत नेते आहेस म्हणे. पुण्यात वाढलेला पग आणि अकोल्याचा मे महिना! निवृत्त झालो तरी जनावरांच्या डॉक्टरची खोड जात नाही, म्हणून फोनवर मावणार नाही तेवढं लिहितो.

माणसाचा उन्हाळा घामावर निभतो. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, तोही नावापुरता. अंगातली उष्णता त्याला जीभ, तोंड आणि नाकातल्या ओलाव्यावाटे, धापा टाकत बाहेर काढावी लागते. घरातल्या प्रत्येक वस्तूची चौकशीही तो जिभेनेच करतो. मनीची तर अंघोळसुद्धा जिभेवर. म्हणजे ऊन असो की विष, दोन्हींची गाठ शेवटी जिभेशीच. नवं घर लावताना हे लक्षात ठेवलंस की बाकीचं आपोआप सुचत जाईल.

लाडूचं नाक बसकं, नाकपुड्या अरुंद, टाळूचा मऊ भाग लांबलेला. हवा आत-बाहेर करण्यातच तो दमतो आणि त्या दमण्यानं आणखी तापतो. अकोल्यात पारा ४५ च्या वर जातो आणि २५ मेपासून नवतपा लागतो. त्या दिवसांत फिरणं सूर्य वर येण्याआधी उरकायचं. संध्याकाळी ऊन उतरलं तरी डांबरी रस्ता निवलेला नसतो. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून बघ. तुला सोसवलं नाही तर त्यालाही सोसवणार नाही. ‘दोन मिनिटांत येते’ म्हणून त्याला बंद गाडीत कधीच ठेवू नकोस. गाडी पहिल्या अर्ध्या तासातच भयंकर तापते आणि काच बोटभर खाली केल्यानं फारसा फरक पडत नाही.

आता कूलर. विदर्भात उन्हाळ्यापुरता हाच घरातला कर्ता पुरुष. पुण्याच्या सवयीनं खिडक्या लावून तो चालवशील, तर खोलीत दमट हवा कोंडेल. दमट हवेत जिभेवरचं पाणी वाळत नाही आणि धापा फुकट जातात. खोली गार वाटत असताना लाडू मात्र आत तापत राहील. समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं हवंच. दुसरं म्हणजे कूलरचा पत्रा. त्याच्यालगतची ओली, गार फरशी हीच लाडूची आवडती जागा होणार आणि ठिबकणारं पाणी तो चाटणार. पंपाच्या वायरचं आवरण कुठे सोललं असेल तर त्या पत्र्यात करंट उतरतो. अर्थिंग तपासून घे, मुख्य बोर्डात ३० मिलीअँपिअरचा गळती-ब्रेकर बसव आणि पाणी भरताना प्लग काढ. तुझ्यासाठीही तेच.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. आपल्याला ताप वाटेल तो आकडा त्याचा रोजचा. १०५ च्या वर गेलं, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, पाय लटपटले किंवा उलटी झाली, की उष्माघात समजायचा. सावलीत आणून आधी अंगावर पाणी ओत, पंखा लाव आणि मगच दवाखान्याकडे निघ. ओला टॉवेल पांघरून ठेवू नकोस, तो लवकरच गरम होतो आणि आतली उष्णता कोंडतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. आणि हो, मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला कढत येतं. न्हाणीघरात एक बादली पहाटेच भरून ठेवत जा.

विषांबद्दल थोडक्यात. सामान लावताना लोकरीच्या कपड्यांतल्या डांबरगोळ्या आधी कुलपात टाक. बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक. कांदा-लसूण दोघांच्याही रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो, म्हणून भाजीचा रस्सा पोळीवर घालून देणं बंद. आंब्याची फोड लाडूला चालेल, कोय नाही. गिळली तर आतड्यात अडकते आणि पोट फाडून काढावी लागते.

मनीचं प्रकरण नाजूक. पॅरासिटामॉल पचवायची शक्ती मांजराच्या यकृतात नसते. आपली ५०० मिलिग्रॅमची एक गोळी तिचा जीव घेऊ शकते. तिला ताप वाटला तरी आपल्या डब्याला हात लावायचा नाही. फिनाईलनं पुसलेली फरशी वाळेपर्यंत तिला दुसऱ्या खोलीत ठेव, कारण ती ओल्या पायांनी चालेल आणि बसून पाय चाटेल. लाडूच्या गोचिडांसाठी मानेवर सोडायचे थेंब आणशील, तेव्हा त्यात पर्मेथ्रिन आहे का ते वाच. मांजराला ते विष आहे. लाडूला लावलं आणि मनीनं त्याला चाटलं, तरी पुरे होतं.

कामाला येणाऱ्या बाईंनाही यातलं फिनाईल आणि कूलरचं तेवढं समजावून सांग. दुपारभर घरात त्याच असणार. अकोल्यात आमच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर संस्था आहे. तिथल्या दवाखान्याचा नंबर आणि वेळा पोहोचल्या दिवशीच विचारून ठेव. रात्री कुठे न्यायचं, तेही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
काका

ता. क. कूलरवाल्याला आजच फोन कर. एप्रिल संपत आला की तो कुणाचाच फोन उचलत नाही.