सिल्व्हर ब्रिज : एक दशांश इंचाची भेग

ओहायोतली आपली मंडळी लाँग वीकएंडला निघाली की गाडी बहुधा नायगारा नाहीतर स्मोकी माउंटन्सकडे वळते. पॉइंट प्लेझंटला कोण कशाला जाणार? कनावा नदी ओहायो नदीला मिळते तिथलं, वेस्ट व्हर्जिनियातलं हे लहानसं गाव. कोलंबसहून दोनेक तासांचा रस्ता. यंदाच्या फॉलमध्ये आम्ही सहकुटुंब मुद्दाम तिथेच गेलो.

मुलांना ओढ होती ‘मॉथमॅन’ची. १९६६-६७ साली गावातल्या काही लोकांना म्हणे पंखवाला, लाल डोळ्यांचा प्राणी दिसला होता. २००३ साली त्याचा चकचकीत पुतळाही उभा राहिला. (आपल्या कोकणातली भुतं बिचारी अजून पुतळ्याविनाच आहेत!) फोटो काढून झाल्यावर आम्ही मोर्चा नदीकडे वळवला. इथे एक पूल होता.

१९२८ साली बांधलेला, अ‍ॅल्युमिनियमच्या रंगाने चमकणारा, म्हणून ‘सिल्व्हर ब्रिज’. १५ डिसेंबर १९६७, शुक्रवार, संध्याकाळचे पाच. नाताळ दहा दिवसांवर आलेला, पुलावर गाड्यांची रांग लागलेली. मिनिटभरात सगळा पूल कोसळला आणि ४६ माणसं गेली. मॉथमॅन म्हणजे त्याचीच पूर्वसूचना होती, असं सांगणारे आजही भेटतात.

खरं कारण त्याहून साधं, आणि आमच्या मते जास्त भयंकर आहे. झुलत्या पुलाला सहसा तारांचे जाड दोर असतात. इथे त्याऐवजी सायकलच्या चेनसारखी साखळी होती. दोन्ही टोकांना भोक असलेल्या लांब पोलादी पट्ट्या पिनांनी एकमेकींना जोडलेल्या, आणि प्रत्येक कडीत पट्ट्या फक्त दोन. नदीतून काढलेले तुकडे जुळवून तपासल्यावर ओहायोकडच्या बाजूची एक पट्टी भोकाच्या कडेला तुटलेली सापडली. तिथे मुळात भेग होती ती एक दशांश इंच, म्हणजे जेमतेम अडीच मिलिमीटर खोल! ताणाखालचा गंज आणि रोजच्या वाहतुकीने आलेला धातूचा थकवा, यांनी ती ३९ वर्षांत वाढवली होती. ती पट्टी तुटली, जोडीची दुसरी पिनवरून निसटली, साखळी सुटली आणि पूल गेला.

एवढीशी भेग एवढं करते? कापडवाल्याला विचारा. तो कात्रीने काठाला छोटासा काप देतो आणि मग हाताने टर्रकन फाडतो. काप नसेल तर पैलवानालाही ते जड जाईल. सगळा ताण त्या कापाच्या टोकाशी गोळा होतो. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज इंजिनिअरने १९२१ साली काचेवरच्या प्रयोगांतून हेच मांडलं : वस्तूची ताकद तिच्यातल्या भेगेवर ठरते. काचेचा धागा जितका बारीक, तितका तो आपल्या जाडीच्या मानाने मजबूत. नॅनो मापाच्या तारा एवढ्या चिवट का, याचंही एक उत्तर हेच. इतक्या बारीक जागेत मोठा दोष मावणार कुठे?

‘‘मग बाबा, कुणी बघितलं कसं नाही?’’ कन्येचा प्रश्न. बघता येतच नव्हतं. भेग भोकाच्या आत, जोड उघडल्याशिवाय न दिसणारी. म्हणजे दोष निव्वळ तपासणाऱ्याच्या डोळ्यांचा नव्हता. एक पट्टी तुटली तर भार पेलायला तिसरी-चौथी नव्हती, ही खरी गोम. ओहायो नदीवरच सेंट मेरीजला याच धर्तीचा दुसरा पूल होता. तो लगेच बंद केला आणि १९७१ साली पाडून टाकला.

या अपघाताआधी अमेरिकेत पूल तपासण्याचा देशव्यापी नियमच नव्हता. १९६८ साली कायदा झाला, १९७१ पासून साधारण दर दोन वर्षांनी तपासणी सक्तीची झाली. आपण रोज ऑफिसला जाताना ज्या पुलांवरून बिनधास्त गाडी हाकतो, त्यांच्याखाली कुणीतरी टॉर्च घेऊन जाऊन आलेलं असतं, ते या ४६ जणांमुळे.

नवा पूल, सिल्व्हर मेमोरियल ब्रिज, थोडा दक्षिणेला आहे. बरोबर दोन वर्षांनी, १५ डिसेंबर १९६९ ला तो खुला झाला. जुना पूल जिथे गावात उतरत असे, तिथे गेलेल्यांची नावं विटांवर कोरली आहेत. मॉथमॅनपाशी गर्दी असते, इथे फारसं कुणी नसतं. तुम्ही गेलात तर मुलांना घेऊन पाच मिनिटं इथेही थांबा.