आधी पाय, मग चाक

आप्पांनी लिलावातनं जीप आणली तेव्हा तिच्यावर हुड नव्हतं, मागचा एक दिवा नव्हता आणि हॉर्न वाजवायचा तर दोन वायरी एकमेकींना टेकवाव्या लागत. पण गाडी चारी चाकांनी ओढणारी होती. आमची वाडी शिराळा तालुक्याच्या पश्चिमेला, वारणेच्या खोऱ्यात, डोंगराच्या कुशीत. पावसाळ्यात एसटी फाट्यावरच थांबायची. अशा ठिकाणी फोर व्हील जीप म्हणजे दारात हत्ती झुलल्यासारखं.

आप्पा माझे थोरले चुलते. चांदोली धरणाच्या कामावर त्यांनी अशीच जीप चालवलेली. ही गाडी मुळात लढाईची. दुसऱ्या महायुद्धात विलीज कंपनीनं ती अमेरिकेच्या सैन्यासाठी बनवली. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रानं ती मुंबईत जोडायला घेतली, आणि मग ती धरणांवर, जंगलखात्यात, साहेबलोकांकडं सगळीकडं गेली. आमच्याकडं पोचली तेव्हा तिचं निम्मं आयुष्य सरलेलं होतं.

तिच्या गिअरशेजारी दोन बुटके दांडे होते. एकानं पुढची चाकं जोडायची, दुसऱ्यानं ‘लो’ टाकायचा. लो टाकला की वेग अडीच पटीनं कमी आणि ओढ तेवढीच जास्त. एवढं कळल्यावर मला वाटलं, झालं, शिकलो. वय बावीस. दुसऱ्याच दिवशी आप्पांना न विचारता गाडी पाणंदीत घातली.

पाणंद मळीच्या रानाकडं जाणारी. पाऊस होऊन गेलेला, वर उसाच्या बैलगाड्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. गाडी बसायला लागली तशी मी दोन्ही दांडे टाकले आणि ॲक्सिलेटर दाबला. चाकांनी चिखल उडवला, गाडी जाग्यावरच खाली गेली आणि हौसिंग चिखलावर टेकलं.

आप्पा आले. काठी टेकून गाडीभोवती फिरले.

“चाकं किती हायती?”

“चार.”

“फिरत्यात किती? बघ.”

बघितलं. पुढचं एक आणि मागचं एक, एवढीच दोन फिरत होती. दुसरी दोन गप्प. डिफरन्शियलचा स्वभावच असा, की जे चाक सैल त्याला ताकद मिळते आणि जे घट्ट रोवलंय ते बसून राहतं. कंपनीतनं निघालेली साधी फोर व्हील अशीच असते. ॲक्सिलेटर दाबून ती निघत नाही, खड्डा तेवढा खोल होतो. शेवटी चाकांखाली उसाचा पाला भरला, पुढं नाडा बांधला आणि शेजाऱ्यांच्या बैलजोडीनं आमचा हत्ती बाहेर काढला. सगळी वाडी बघत होती.

त्यानंतर आठ दिवस आप्पांनी मला किल्ली दिली नाही. हातात काठी दिली. “पाणंद चालत जा, चालत ये. कुटं घट्ट हाय, कुटं दलदल हाय, सांग मला.” मला तो अपमान वाटला. पण पाचव्या-सहाव्या दिवशी दिसायला लागलं. लव्हाळा उगवलाय तिथं खाली पाणी आहे. हिरवट शेवाळाचा दगड साबणासारखा आहे. दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा हौसिंगला लागणार, तेव्हा एक चाक चाकोरीत आणि एक उंचवट्यावर घेऊनच जायला हवं.

मग बाकीचं शिकवलं. दांडा चिखलात शिरायच्या आधी टाकायचा, अडकल्यावर नाही. वाट फार भुसभुशीत असली तर टायरातली हवा आठ-दहा पौंड कमी करायची, म्हणजे टायर पसरतो, आणि डांबरावर येण्याआधी हातपंपानं पुन्हा भरायची. अंगठे स्टेअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत, कारण चाक दगडावर आपटलं की स्टेअरिंग झटका मारतं आणि अंगठा मोडतं. उताराला लो टाकून पहिला गिअर, आणि पाय क्लचवर ठेवायचाच नाही. गाडीला इंजिनच धरतं. चढाला गाडी बंद पडली तर वळवायची नाही. रिव्हर्स टाकून सरळ रेषेत मागं यायचं. उतरणीवर गाडी आडवी झाली की लोळलीच समजा. आणि डांबरी लागली की पुढची चाकं सोडवायची, नाहीतर वळणावर गाडी आखडते.

हे सगळं मी शिकलो, पण त्याचा अर्थ समजला तो २००५च्या जुलैत. त्या पावसानं कृष्णा-वारणेचं सगळं खोरं पाण्याखाली घातलं. तसल्या एका रात्री शेजारच्या नानी दार वाजवत आल्या. सूनबाईंना कळा सुरू झालेल्या. मुलगा मुंबईला माथाडीत. १०८ची गाडी तेव्हा नव्हती, ती आली २०१४ला. आप्पा गुडघ्यांनी घरात बसलेले. मी गाडी काढली. मागं सूनबाई, नानी आणि धाकटा दीर.

फाट्याच्या अलीकडं ओढ्यावर फरशी आहे. तिच्यावरनं पाणी चाललेलं. पलीकडं डांबरी, शिराळा अर्ध्या-पाऊण तासावर. मी उतरलो आणि काठी घेऊन पाण्यात गेलो. चार पावलांत पाणी गुडघ्याच्या वर आलं. फरशीची कड दिसेना. काठी टेकवली तर पाण्यानं ती हातातनं ओढली. मागं आलो.

नानी म्हणाल्या, “घाल की बाबा गाडी. फोर व्हील हाय न्हवं?”

सूनबाई कण्हत होत्या. दिव्याच्या उजेडात पलीकडचा काठ इतका जवळ दिसत होता, की दगड मारला तर पोचेल. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी तरंगवतं आणि दोन फूट पाणी जीपसुद्धा वाहून नेतं, हे मी पुढं वाचलं. त्या वेळी मला फक्त ओढलेली काठी माहीत होती.

मी गाडी वळवली आणि डोंगराची बैलगाडीवाट धरली. खिंडीतनं पलीकडच्या गावाला उतरायचं, तिथं पूल आहे. दीर बॅटरी घेऊन पुढं चालला आणि मी लो टाकून त्याच्या पावलावर चाक ठेवत गेलो. चढाला एकदा गाडी बंद पडली. सरळ मागं आलो, पुन्हा चढवली. नानी काही बोलल्या नाहीत, ते मला शिव्यांपेक्षा जड गेलं. शिराळ्याला पोचायला पहाटेचे तीन वाजले. दिवस उगवताना मुलगी झाली.

दोन दिवसांनी ओढा उतरला. फरशी जागेवर होती, एक दगड हललेला नव्हता. लोक म्हणाले, गेला असतास की. नानी दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. माझ्यामुळं त्यांच्या सुनेला दोन तास जादा सोसावं लागलं, हे खरंच होतं. मी आप्पांना विचारलं, चुकलो का?

“गेलाबी असतास,” आप्पा म्हणाले. “पर तुला खालचा रस्ता दिसत न्हवता ना? मग झालं.”

आता आप्पा नाहीत, ती जीपही नाही. २०१० साली थार आली, तेव्हापासून शहरातली पोरं हौसेनं आमच्या डोंगरात येतात. त्यांना मी एवढंच सांगतो, आधी चालून या. चालल्यावर कुठं चाक घालायचंच नाही हेही कळतं. कासला २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. तिथं आणि आमच्याकडच्या सड्यांवर जांभ्या कातळावर वीतभर मातीही नाही. त्या मातीवरच पावसाळ्यात फुलं येतात. तिच्यावरनं एकदा गाडी गेली की चाकोरी वर्षानुवर्षं भरत नाही.

त्या पहाटेची मुलगी आता कॉलेजात आहे. परवा दारात येऊन म्हणाली, “काका, मला गाडी शिकवा.” मागं नानी उभ्या होत्या, हसत.

मी म्हटलं, “चपला घाल. पाणंदीला जाऊन येऊ.”